वीरांची हजेरी
(नेपरव्हिल येथे नोव्हेंबर महिन्यात दिलेल्या स्मृतिव्याख्यानाची मुद्रणप्रत)



ज्या दिवशी पहिले महायुद्ध थांबले त्या नोव्हेंबरच्या अकरा तारखेच्या मागेपुढे येथे बोलण्याचा योग आला असल्यामुळे, युद्धात ज्यांनी देह ठेवला, अथवा जे त्यातून पंगू होऊन का होईना पण घरी परतले, त्यांचे ऋण राष्ट्राने कोणत्या रीतीने मानावे, हा प्रश्न मी आज विचारासाठी घेतला आहे. आणि त्याच्या उत्तरासाठी फ्रान्सकडे पाहावयाचे ठरविले आहे. फ्रान्सचे नाव निघाले की आपल्याकडील सुशिक्षिताला राज्यक्रांती आठवते, नेपोलियन आठवतो, चित्रकारांचे आणि कवींचे पॅरिस आठवते; परंतु त्या देशाचे अंतःकरण ज्याला पाहावयाचे असेल त्याने कोणत्याही लहानशा खेड्यात जाऊन तेथील चावडीसमोर किंवा देवळापाशी उभ्या असलेल्या दगडी स्तंभावरची नावे वाचावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या या गावापासूनच आरंभ करतो. शिकागोला कामावर जाण्यासाठी आपल्यापैकी अनेकजण ज्या स्टेशनावरून रोज गाडी पकडतात, त्याच्या शेजारच्या बर्लिंग्टन स्क्वेअर या बागेत पहिल्या महायुद्धातील अमेरिकन शिपायाचा पुतळा आहे: डाव्या हातात बंदूक, उजव्या हातात हातबॉम्ब आणि तो हात डोक्यावर उंच उगारलेला. व्हिकेस्नी नावाच्या शिल्पकाराने घडविलेल्या एका नमुन्यावरून अशा प्रतिमा अमेरिकेतील कितीतरी गावांनी मागवून घेतल्या. या गावाने त्या युद्धासाठी जे तरुण पाठविले, त्यांत ऑलिव्हर ज्युलियन केंडल नावाचा एक अधिकारी होता. गाव त्याला जड केंडल म्हणून ओळखे, आणि माजी सैनिकांच्या संघटनेची येथील शाखा आजही त्याच्याच नावाने चालते. तो पहिल्या डिव्हिजनच्या इंजिनिअर पलटणीत होता. फ्रान्समध्ये कँटिनी नावाच्या खेड्यावर अमेरिकन फौजेचा पहिला मोठा हल्ला २८ मे १९१८ रोजी व्हावयाचा होता. त्याच्या तीन-चार रात्री आधी, खंदकांची अवजारे घेऊन आपल्या माणसांबरोबर पुढे गेलेला हा तरुण अंधारात शत्रूच्या हाती सापडला आणि परत आला नाही. त्याचे हाल झाले तरी त्याने हल्ल्याचा बेत सांगितला नाही, ही त्याच्या गावाची श्रद्धा आहे. आणि २८ मेला तो हल्ला यशस्वी झाला, ही तर इतिहासातील नोंद आहे. शेजारच्या व्हीटनमध्ये आपण मुलाबाळांना घेऊन ज्या कँटिनी उद्यानात जातो, ते नाव याच खेड्याचे. त्याच डिव्हिजनच्या तोफखान्यात काम केलेले, 'शिकागो ट्रिब्यून'चे कर्नल रॉबर्ट मॅकॉर्मिक यांनी युद्धावरून परतल्यावर आपल्या वाडवडिलार्जित जागेला त्या फ्रेंच खेड्याचे नाव दिले, आणि १९५५ साली त्यांच्या निधनानंतर ती जागा लोकांसाठी खुली झाली. म्हणजे फ्रान्सचे रण आपल्या घरापासून काही मैलांवर, गुलाबांच्या वाफ्यांत आणि रणगाड्यांच्या रांगांत, आपण दर उन्हाळ्यात पाहात असतो. फक्त ते कोणाचे आणि कशाचे, याची चौकशी आपण करीत नाही.

आता फ्रान्सकडे वळू. १९१४ ते १९१८ या चार वर्षांत त्या देशाचे तेरा-चौदा लाख पुरुष रणात पडले. सुमारे छत्तीस हजार गावे असलेल्या त्या मुलखात ज्या गावाचा एकही माणूस त्या युद्धात कामी आला नाही, असे गाव हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. नॉर्मंडीतील त्येरव्हील हे त्यांपैकी एक म्हणून सांगितले जाते, आणि तेथे स्मारक नाही हेच त्याचे वैशिष्ट्य ठरले आहे. युद्ध चालू असतानाच, २ जुलै १९१५ रोजी, तेथील विधिमंडळाने असा कायदा केला की, युद्धात पडलेल्याच्या मृत्यूच्या दाखल्यात 'फ्रान्ससाठी मरण पावला' हे शब्द दाखल व्हावेत. सरकारी दप्तरातील एका रकान्यात घातलेले हे मोजके शब्द; परंतु त्यांनी शिपायाचे मरण एका घराच्या दुःखातून उचलून राष्ट्राच्या खात्यावर जमा केले. पुढे २५ ऑक्टोबर १९१९ च्या कायद्याने गावांना स्मारकांसाठी सरकारी मदत देण्याची तरतूद झाली, आणि पाच-सहा वर्षांच्या आत बहुतेक सर्व गावांत स्तंभ उभे राहिले. कित्येक ठिकाणचा पुतळा कारखान्याच्या नमुन्यांतून निवडून मागविलेला असे. यूजेन बेने या शिल्पकाराचा, विजयाची माळ उंच धरलेला शिपाई तर शेकडो गावांत दिसतो. पुतळा एकसारखा असल्याने कोणाचेच बिघडले नाही, कारण गावकऱ्यांची दृष्टी पुतळ्यावर नव्हतीच. ती खालच्या चौथऱ्यावर होती, जेथे गावातील मृतांची नावे कोरलेली असत, पुष्कळ ठिकाणी हुद्द्याचा उल्लेखही न करता, केवळ अक्षरक्रमाने, म्हणजे जमीनदाराच्या मुलाच्या आधी त्याच्या मोतद्दाराचे नाव येऊ शकेल अशा क्रमाने.

दरवर्षी ११ नोव्हेंबरला, आणि १९२२ पासून हा दिवस तेथे कायद्याने सुट्टीचा आहे, काय घडते ते जरा जवळून पाहा. गावचा मेयर तिरंगी पट्टा छातीवर आडवा घालून स्तंभासमोर येतो. वृद्ध सैनिक निशाणे घेऊन उभे राहतात. शाळेची मुले पुढे असतात. थंडी असते, बहुधा पाऊसही असतो. मग एकजण यादीतील एकेक नाव मोठ्याने वाचतो, आणि प्रत्येक नावानंतर मुले किंवा जमलेले लोक उत्तर देतात, 'फ्रान्ससाठी मरण पावला'. नाव, उत्तर, नाव, उत्तर. एकाच आडनावाची दोन-तीन नावे ओळीने आली म्हणजे ते सख्खे भाऊ होते हे कोणाला सांगावे लागत नाही. ज्यांच्या घरात ते आडनाव अजून आहे ती माणसे तेथेच उभी असतात, आणि जी घराणी निर्वंश झाली त्यांच्या वतीने सारे गाव उत्तर देते. भाषणे होतात, वाद्ये वाजतात, पण या सोहळ्याचा प्राण ही हजेरी आहे.

या हजेरीला जुना आधार आहे. नेपोलियनच्या काळात ला तूर द'ओव्हेर्न्य नावाचा एक विद्वान आणि शूर अधिकारी होता. मोठी पदे नाकारून तो साध्या ग्रेनेडियरांत राहिला, आणि जून १८०० मध्ये बव्हेरियातील ओबरहाउझेनच्या लढाईत पडला. त्याच्या पलटणीने त्याचे नाव हजेरीपटावरून काढले नाही. रोज हजेरीच्या वेळी त्याचे नाव पुकारले जाई आणि पलटणीतून उत्तर येई की, तो रणभूमीवर सन्मानाने मरण पावला आहे. ज्या हजेरीपटावरून शिपायाचा पगार निघतो, शिधा निघतो, त्याच कोरड्या सरकारी कागदावर मृताला हयातांच्या बरोबरीने जागा देणे, यात मला राजधानीतल्या कोणत्याही कमानीपेक्षा अधिक मोठी कल्पकता दिसते.

राजधानीत, पॅरिसमध्ये, विजयकमान आहे, आणि तिच्याखाली अनामिक शिपायाची समाधी आहे, हे आपण जाणता. त्या शिपायाची निवड १० नोव्हेंबर १९२० रोजी व्हर्दंच्या किल्ल्यात झाली. निरनिराळ्या रणांगणांवरून आणलेल्या, ओळख न पटलेल्या आठ सैनिकांच्या शवपेट्या तळघरात मांडल्या होत्या, आणि ओग्युस्त तँ नावाच्या एका तरुण शिपायाला फुलांचा गुच्छ देऊन त्यांपैकी एकीवर तो ठेवण्यास सांगण्यात आले. त्याचे वडील त्याच युद्धात गेले होते. त्याची पलटण एकशे बत्तिसावी. एक, तीन आणि दोन यांची बेरीज सहा, म्हणून त्याने सहावी पेटी निवडली. २८ जानेवारी १९२१ रोजी ते शव कमानीखाली पुरले गेले. ११ नोव्हेंबर १९२३ रोजी युद्धमंत्री माजिनो यांनी तेथे ज्योत चेतविली, आणि तेव्हापासून दररोज सायंकाळी साडेसहा वाजता ती पुन्हा प्रज्वलित केली जाते, अगदी पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होते त्या वर्षांतही तिचा नेम चुकलेला नाही. ज्याचे नाव सापडले नाही त्याच्यासाठी रोजचा नेम, आणि ज्याचे सापडले त्याच्यासाठी नावाचा पुकारा, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे.

दगडावर नाव कोरले पण घरातली मुले उपाशी राहिली, तर त्या नावाची विटंबनाच होय, हेही त्या राष्ट्राने ओळखले. जखमी आणि वृद्ध शिपायांसाठी चौदाव्या लुईने १६७० साली एन्व्हालीद ही वास्तू स्थापिली होती. तेथे आजही युद्धात अपंग झालेल्या सैनिकांची शुश्रूषा होते. पहिल्या महायुद्धात तेथील पंगू शिपायांनी कापडाच्या पाकळ्यांची निळी फुले करावीत आणि त्यांच्या विक्रीतून चार पैसे मिळवावेत, ही योजना दोन स्त्रियांनी, एका परिचारिकेने आणि तेथील सेनापतीच्या कन्येने, पुढाकार घेऊन चालविली. ते निळे फूल आज सबंध फ्रान्सच्या कोटावर दिसते. २७ जुलै १९१७ च्या कायद्याने युद्धात बाप गमावलेल्या मुलांचे पालकत्व राष्ट्राने स्वीकारले. आल्बेर काम्यू हा त्या मुलांपैकीच एक. त्याचे वडील १९१४ च्या शरदात मार्नच्या लढाईतील जखमांनी गेले.

हे वाचताना मराठी माणसाला आपले जुने कागद आठवल्याशिवाय राहात नाहीत. अफझलखानाच्या स्वारीत जे लोक पडले, त्यांच्या मुलांचे चालवावे आणि ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या स्त्रियांना निम्मे वेतन द्यावे अशी व्यवस्था शिवछत्रपतींनी केली, हे सभासदाने आपल्या बखरीत लिहून ठेवले आहे. आणि पुढे पेशवाईच्या दप्तरांत बालपरवेशी या नावाने रणात पडलेल्यांच्या मुलांसाठी नेमणुका चाललेल्या दिसतात. म्हणजे मृताच्या घराचा योगक्षेम राज्याने वाहणे, ही गोष्ट आपल्याला पॅरिसहून शिकावी लागणार नव्हती. राज्य गेले आणि तो शिरस्ताही गेला.

फ्रान्सची स्तुती करताना त्याचे दोष झाकावेत, असे मला वाटत नाही. धाक बसावा म्हणून आपल्याच सहाशेहून अधिक शिपायांना त्या सैन्याने गोळ्या घातल्या, आणि त्यांच्या कुटुंबांना नाव घेण्याचीही चोरी झाली. आफ्रिकेतील ज्या सैनिकांनी दोन्ही महायुद्धांत फ्रान्ससाठी रक्त सांडले, त्यांची पेन्शने त्यांचे देश स्वतंत्र होऊ लागताच गोठविली गेली आणि कित्येक दशके तशीच राहिली. डिसेंबर १९४४ मध्ये तर सेनेगालमधील त्यारोय येथे थकलेला पगार मागणाऱ्या त्या शिपायांवरच गोळीबार झाला. ज्या राष्ट्राने नावाचे माहात्म्य ओळखले त्यानेच काही नावे वगळली, हा डाग लहान नाही. आणि तरीही त्याच देशातील जांत्यू या खेड्याने १९२२ साली आपल्या स्तंभासमोर एका अनाथ मुलाची मूर्ती उभी केली, जो मूठ आवळून मृतांच्या यादीकडे पाहात आहे, आणि खाली कोरले, 'युद्धाला शाप असो'. सरकारी अधिकारी त्या स्मारकाकडे पुष्कळ वर्षे फिरकले नाहीत. परंतु वीरांचा सन्मान आणि युद्धाचा धिक्कार ही दोन्ही एकाच दगडावर नांदू शकतात, हे त्या शेतकऱ्यांनी दाखविले.

फ्रान्सच्या भूमीवर आपली माणसेही पडली आहेत. सप्टेंबर १९१४ अखेर हिंदी फौजेच्या तुकड्या मार्सेय बंदरात उतरू लागल्या; युद्ध संपेपर्यंत शिपाई आणि मजूर मिळून सुमारे एक लाख चाळीस हजार हिंदी माणसे त्या आघाडीवर जाऊन आली. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव्ह-शापेल या गावावर जो प्रतिहल्ला झाला, त्यात शिखांच्या सत्तेचाळिसाव्या पलटणीच्या खांद्याला खांदा लावून आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या सॅपर्स-मायनर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या होत्या. ही खंदक खणणारी, पूल बांधणारी, सुरुंग लावणारी माणसे. त्यांच्यात मराठे होते, शीख होते, मुसलमान होते. त्या दिवशी माणसे कमी पडली म्हणून त्यांच्या हाती संगिनी देण्यात आल्या, आणि ते गावात शिरून गल्लीगल्लीतून, घराघरांतून लढले. सायंकाळी मागे फिरण्याची वेळ आली तेव्हा त्यांच्या इंग्रज अधिकाऱ्यांपैकी जवळजवळ सारे मेलेले किंवा जखमी होते. केंडलही इंजिनिअर पलटणीचाच. खडकीचे सॅपर्स आणि नेपरव्हिलचा हा तरुण साडेतीन वर्षांच्या अंतराने एकाच देशाच्या मातीत फावडी घेऊन उतरले होते, हे येथे बसलेल्या प्रत्येकाने, आणि विशेषतः येथे जन्मलेल्या आपल्या मुलांनी, जाणावे असे मला मनापासून वाटते.

नव्ह-शापेलला त्या हिंदी सैनिकांचे स्मारक आहे. मित्रराष्ट्रांच्या मृतांसाठी जमीन कायमची देण्याचा कायदा फ्रान्सने डिसेंबर १९१५ मध्येच केला होता. त्या जमिनीवर साम्राज्याच्या युद्धसमाधी आयोगाने हर्बर्ट बेकर या वास्तुकाराकडून सांचीच्या कठड्याची आठवण देणारी वर्तुळाकार रचना करवून घेतली. मध्ये सुमारे पंधरा मीटर उंचीचा स्तंभ, त्याच्या शिखरावर कमळ, पायथ्याशी दोन वाघ, आणि लेखात देवनागरी अक्षरेही. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी त्याचे अनावरण झाले तेव्हा मार्शल फॉश स्वतः हजर होते, आणि हिंदुस्थानातून आलेल्या सैनिकांना त्यांनी सांगितले की, तुमच्या माणसांच्या थडग्यांची राखण आम्ही आमच्या मृतांच्या थडग्यांप्रमाणेच करू. तेथील भिंतीवर, ज्यांना थडगे लाभले नाही अशा ४,७०० हून अधिक हिंदी माणसांची नावे आहेत, मजुरांचीही आहेत. तेथून काही मैलांवर, नोत्र-दाम-द-लोरेत येथे, ११ नोव्हेंबर २०१४ रोजी फ्रान्सने उघडलेल्या स्मृतिवलयात सुमारे ५ लाख ८० हजार नावे आहेत, हुद्दा नाही, धर्म नाही, राष्ट्रही नाही, केवळ अक्षरक्रम; तेथे शत्रू आणि मित्र शेजारी शेजारी वाचले जातात. १४ जुलै २००९ रोजी पॅरिसच्या राष्ट्रीय संचलनात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान त्याच अनामिक शिपायाच्या कमानीपासून निघून शाँझेलिझेवरून चालत गेले, हे चित्र पाहताना माझा ऊर भरून आला होता. पण त्याच क्षणी माझ्या मनात आपल्या गावांचा विचार आला, आणि आज मला जे मुख्यतः सांगावयाचे आहे ते येथून पुढे आहे.

सातारा, रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांतील जुन्या गावांत, शाळेच्या भिंतीत किंवा चावडीच्या ओट्याजवळ, एक लहानशी संगमरवरी पाटी पुष्कळांनी पाहिली असेल. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावरचा मजकूर. दोन आकडे. एकही नाव नाही. फ्रान्समध्ये जे नाव कोरले जात होते, तेच त्याच वर्षांत आपल्याकडे बेरजेत विरघळत होते. मराठा पलटणींचे सर्वांत अधिक रक्त सांडले ते मेसोपोटेमियात, कूट आणि टेसिफोन येथे. आणि बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अंमलदारांची नावे कोरली गेली, परंतु साध्या शिपायांची, नाइकांची, हवालदारांची पलटणवार फक्त संख्या लिहिली गेली. या असमानतेबद्दल समाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये जाहीर क्षमायाचना केली, शंभर वर्षांनी.

आपला जुना वीरगळही बहुधा मुकाच आहे. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत अप्सरांनी वर नेलेला वीर, वरच्या पट्टीत शिवपूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. शिल्पकाराने त्याला स्वर्ग दिला, पण नाव लिहिले ते क्वचित. त्या काळी गावाच्या मुखी ते नाव होते, म्हणून त्याची गरज वाटली नसेल. मुखातले नाव तीन पिढ्यांत जाते. याउलट भीमेच्या काठी कोरेगावच्या स्तंभावर कंपनी सरकारने १८१८ च्या लढाईतील मृतांची नावे कोरली, आणि त्यांत 'नाक' हा प्रत्यय असलेली बावीस नावे होती. ज्या माणसांना त्यांच्या समाजाने देवळाच्या पायरीवरही उभे राहू दिले नव्हते, त्यांची ती नावे होती. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले, आणि लाखो लोकांना त्या दगडावर आपले पूर्वज सापडले. तेथे नुसता आकडा असता, तर कोण कोणाला सापडले असते?

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात फेब्रुवारी २०१९ पासून स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीस हजारांहून अधिक वीरांची नावे एकेका दगडावर आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु फ्रान्सने मला पटविले ते असे की, नाव राजधानीत असून भागत नाही. ते त्या विहिरीपाशी, त्या शाळेपाशी असले पाहिजे, जेथून तो माणूस निघाला होता.

हे काम आपल्या हातचे आहे. समाधी आयोगाच्या नोंदवह्या आता कोणालाही पाहता येतात, आणि हिंदी शिपायाच्या नावापुढे बहुधा बापाचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. अडचण एवढीच की इंग्रज कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे गावाचे नाव लिहिले. त्यामुळे लंडनच्या विद्वानाला ते ओळखता येत नाही, आणि गावातल्या म्हाताऱ्याला ते इंग्रजी कागद वाचता येत नाहीत. ज्याला रोमन अक्षरांतले ते विद्रूप नाव वाचून, हे तर आमच्या खाडीपलीकडचे गाव, असे म्हणता येईल असा माणूस पाहिजे, आणि अशी माणसे या सभागृहात बसलेली आहेत. कोणाचे आजोळ खेडचे, कोणाचे घर पाटणचे, कोणाची शेती महाडला. पाटीवर 'सहा' लिहिले असेल तर ते सहा कोण, हे शोधावे; सापडतील तितकी नावे मराठीत लिहून ग्रामपंचायतीकडे पाठवावीत; आणि ११ नोव्हेंबरला किंवा गावाला सोयीच्या कोणत्याही दिवशी शाळेतल्या मुलांनी ती मोठ्याने वाचावीत, अशी विनंती करावी. चिपळूण, संगमेश्वर, जावळी, पाटण, महाड, माणगाव, यांपैकी एखाद्या तालुक्याची यादी घेऊन बसण्यास जे तयार असतील, त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडे नावे द्यावीत. सभागृहाचे दिवे मालवेपर्यंत मी येथेच थांबणार आहे.